गाव कोणाचं, दफ्तर कुठं

आटपाडीच्या माणसाला खापरपणजोबांचं नाव हवं असेल तर त्यानं आधी औंध संस्थानचा नकाशा बघायला हवा. मंगळवेढ्याच्या माणसानं सांगलीकर पटवर्धनांचा, जतच्या माणसानं डफळ्यांचा आणि फलटणकरानं नाईक-निंबाळकरांचा. कराड, तासगाव, वाळवा, खानापूर इथल्यांची गोष्ट निराळी, ते सरळ इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्याचे. ‘आमचं गाव सांगली जिल्ह्यात’ एवढ्या भांडवलावर घराण्याचा शोध सुरू करणारा माणूस लगेच अडतो, कारण शंभर वर्षांपूर्वी सांगली नावाचा जिल्हाच नव्हता.

१८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं आणि त्याचा बराचसा मुलूख इंग्रजांच्या जिल्ह्यात गेला. पण मधे मधे संस्थानं उरलीच. औंधच्या पंतप्रतिनिधींचा मुलूख तर चार ठिकाणी विखुरलेला : औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ. सांगली संस्थानात मंगळवेढ्याबरोबर तेरदाळ, शहापूर, शिरहट्टीही होती, म्हणजे आजच्या हिशेबानं दोन राज्यं. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे इथं झाला. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज ते सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. गाव तसूभर हललं नाही, पण कागद मात्र तीनदा बैलगाडीत बसले.

बेचाळीसच्या चळवळीत या तुकड्यातुकड्यांच्या हद्दींचा क्रांतिवीरांना फार उपयोग झाला. इंग्रजी हद्दीत काम करायचं आणि औंधच्या कुंडलात शिरायचं. पोलिसांना नडलेली ती हद्द आता घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यालाही नडते.

आमचं घराणं विट्याकडचं. त्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सोन्याचांदीची गाळणी करणारी खानापूर, आटपाडी, तासगावची पोरं कोईमतूरपासून दिल्लीपर्यंत कुठल्याही सराफी पेठेत भेटतात. त्यांची तिसरी पिढी तमिळ नाहीतर हिंदी सफाईनं बोलते आणि गावाकडं येते ती यात्रेला. गेल्या दोनतीन वर्षांत मात्र या मंडळींचे फोन यात्रा सोडूनही यायला लागले. विचारणा एकच : आपल्या आजोबांच्या आजोबांचं नाव काय होतं, आणि त्याचा कागद कुठं मिळेल?

या विचारण्यामागचं कारण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठीचं अंतरवाली सराटीचं उपोषण पेटलं, सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि आधी मराठवाड्यापुरती असलेली कुणबी नोंदींची शोधमोहीम पुढं राज्यभर लागू झाली. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख. त्याआधीच्या कुठल्याही सरकारी कागदावर पूर्वजापुढं ‘कुणबी’ लिहिलेलं सापडलं आणि त्या पूर्वजापासून अर्जदारापर्यंत रक्ताचं नातं जुळलं, की दाखल्याची वाट मोकळी. ज्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षं शिपायाखेरीज कोणी फिरकत नव्हतं, तिथं रांगा लागल्या. तपासायच्या कागदांची जी यादी निघाली ती वाचताना मला तर आपल्या मुलखाची कुंडलीच हाती आल्यासारखं झालं. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, शाळेचं प्रवेश-निर्गम, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, भूमी अभिलेखचं पक्काबुक आणि शेतवार पत्रक, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं, पोलिसांचे अटक पंचनामे, तुरुंगातलं कच्च्या कैद्यांचं रजिस्टर, एवढंच काय, उत्पादन शुल्क खात्याची ताडीची नोंदवहीसुद्धा. सामान्य माणसाचं नाव सरकारदरबारी कुठं कुठं लागतं, याचं उत्तर त्या एका यादीत आहे. जमीन असली तर महसुलात, मूल झालं तर पाटलाकडं, शाळेत गेला तर मास्तरकडं आणि फारच झालं तर फौजदाराकडं.

पण शोधणारे आले ते एका शब्दासाठी. पान उघडायचं, जातीच्या रकान्यावरून बोट फिरवायचं, शब्द नसला की पान उलटायचं. कुठं पूर्ण ‘कुणबी’, कुठं नुसतं ‘कु.’, कुठं मराठा, कुठं काहीच नाही. त्याच ओळीत पणजीच्या मरणाचं कारण लिहिलेलं असतं, त्याकडं बघायला कोणाला सवड नसते. गरजेपोटी आलेल्याला मी नावं ठेवणार नाही, पोराच्या प्रवेशाची तारीख तोंडावर असताना कोणी इतिहास वाचत बसत नाही. तरीही एवढे कागद एवढ्या माणसांनी एका वेळी हाताळायचा योग पुन्हा येणार नाही, म्हणून रुखरुख वाटते.

०

गाव नमुना १४ जवळून बघण्यासारखा आहे. लांबट वही, पानं कडेनं तपकिरी, मधे कसरीनं पाडलेली बारीक भोकं. इंग्रजी अमलात गावच्या पोलीसपाटलानं जन्म-मृत्यू टिपायचे आणि तालुक्याला कळवायचे अशी रीत होती. जुनं लिखाण मोडीत, त्यानंतरचं बाळबोधीत. नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो जन्माच्या नोंदीत मुलाचं नावच सापडत नाही म्हणून. बारसं व्हायच्या आधीच पाटलाकडं वर्दी गेलेली असते. त्यामुळं ओळीत सापडतं ते एवढंच : अमुक तारीख, राणू बिन बाळू, जात अमुक, मुलगा एक. हा ‘मुलगा एक’ म्हणजे आपले आजोबा की बालपणीच गेलेला त्यांचा थोरला भाऊ, हे त्या ओळीवरून कळत नाही. त्यासाठी पुढची चारपाच वर्षं मृत्यूच्या बाजूनं चाळायची. तिथं त्याच बापाचं मूल गेल्याची नोंद मिळाली तर एक जण वजा करायचा आणि पुढच्या ‘मुलगा एक’कडं वळायचं.

बेरीज-वजाबाकीचं हे काम आणखी अवघड होतं ते नावांमुळं. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली चाल. म्हणजे बाळूचा राणू, राणूचा बाळू, त्या बाळूचा पुन्हा राणू. चुलत घरांतही तेच. एकाच भावकीत एकाच वेळी तीन राणू नांदत असतात. कुठला आपला, हे ठरवायला जमिनीचा नंबर नाहीतर भावाचं नाव जोडीला लागतं. आणि मधेच धोंडू, दगडू, केरू अशी नावं आली की समजायचं, या आईची आधीची लेकरं वाचली नव्हती. वाईट नजर लागू नये म्हणून ठेवलेलं नाव म्हणजे न सापडलेल्या दोनतीन नोंदींची पावतीच.

मृत्यूची कारणं ठरावीक दहा-बारा शब्दांत आटोपलेली. ताप, खोकला, जुलाब, पटकी, देवी, बाळंतरोग, म्हातारपण. ‘ताप’ या शब्दानं किती आजार पोटात घातले असतील त्याची गणती नाही. पण १९१८ च्या शरदातली पानं आली की हाताखालची वही एकदम जाड होते. लोक ज्याला मानमोडी म्हणत त्या इन्फ्लुएन्झाची ती साथ. एरवी महिन्याला एखाददुसरं मरण लिहिणाऱ्या पाटलाचं अक्षर त्या पानांवर घाईचं होतं, ओळी एकमेकींवर चढतात. माझी खापरपणजी मला तिथंच भेटली. नाव नाही. ‘राणू बिन बाळू याची बायको’, वय अंदाजे, कारण ताप. सात-बाऱ्यावर तिचं नाव लागण्याचा प्रश्नच नव्हता, शाळेचाही नाही. सरकारी कागदावर ती एकदाच आली, तीही मेल्यावर.

बायकांचा माग हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत बिकट भाग. लग्नात नाव बदलायचं, म्हणजे माहेरची चंद्रा सासरी येऊन लक्ष्मी व्हायची. जमिनीच्या कागदावर ती येते ती नवरा वारल्यावर, ‘तुळसा कोम राणू’ अशी, म्हणजे राणूची बायको तुळसा. पोरं लहान असतील तर त्यांच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ लागतं, अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचं नाव. पोरगा सज्ञान झाला की ते नाव कमी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर फेरफारात मुलींची नावं दिसायला लागतात आणि इतिहास शोधणाऱ्याला जरा हायसं वाटतं, कारण त्यांच्या सासरच्या आडनावांवरून सोयरिकींचा नकाशा काढता येतो. पण दोन-चार नोंदी पुढं गेलं की बहुतेक ठिकाणी ठरलेलं वाक्य येतं : बहिणींनी भावाच्या लाभात हक्कसोड करून दिलं, सबब नावं कमी. वारस म्हणून लागलेलं नाव कित्येकदा एवढंच टिकतं.

०

घराण्याच्या इतिहासाला सर्वांत उपयोगी कागद कोणता, असं विचारलं तर मी डोळे मिटून फेरफार म्हणेन. गाव नमुना ६. सातबारा सांगतो जमीन आज कोणाची, आणि फेरफार सांगतो ती त्याच्याकडं आली कशी. ‘राणू बिन बाळू मयत, वारस मुलगे तीन, वर्दी थोरल्यानं दिली, नोटीस बजावली, हरकत नाही, नोंद मंजूर.’ एका पिढीचा सांधा चार ओळींत जुळतो. ए.कु.क. हा शिक्का आला की घर एकत्र कुटुंबाचं आणि नावावर दिसणारा माणूस त्याचा कर्ता. तो एकटा मालक असल्याचा समज करून घेऊन भावांना वंशावळीतून गाळू नये. इथं पुष्कळ जण फसतात. तसं केल्यानं कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत.

मागं मागं जाताना एक खड्डा येतो तो एकत्रीकरणाचा. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आजच्या गटावरून आजोबांचा सर्व्हे नंबर आपोआप मिळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून ९(३), ९(४) चा उतारा काढायचा. कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला ते त्यात असतं. ज्याला हा उतारा माहीत नाही तो गटापाशी अडून बसतो, ज्याला माहीत आहे तो जुन्या हक्काच्या पत्रकापर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोचतो. तिथून मागं शेतवार पत्रकं आणि पैमाशीची बुकं. पुढं कूळकायद्याच्या नोंदी, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या आगेमागे. ज्यांचे पूर्वज दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते त्यांचं नाव कित्येकदा कागदावर पहिल्यांदा त्या काळात ठळकपणे येतं.

कोयनेच्या, चांदोलीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचं काय? तिथल्या माणसांची घरं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी विखुरली, पण मूळ गावच्या नोंदी शोधायच्या तर फिरून पाटण, जावळी, शिराळ्याकडंच यावं लागतं. पुनर्वसित गावच्या तलाठ्याकडं गोष्ट सुरू होते ती खातं फोडून दिलेल्या जमिनीपासून. त्याच्या मागचं सगळं धरणाच्या पलीकडं.

मोडीचा उल्लेख वर आला. एकेकाळी शाळेत शिकवली जाणारी ही लिपी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शाळांतून गेली, आणि नातवाला आजोबाचं अक्षर वाचता येईना. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, हात उचलायचा तो टाकात शाई भरण्यापुरता. कुणबी नोंदींच्या निमित्तानं मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मोल आलं. पुराभिलेख संचालनालयाची मोडीची परीक्षा देणारे वाढले, तालुक्याच्या ठिकाणी पानामागं पैसे घेऊन वाचून देणारे बसले. त्यांत जाणते आहेत तसे अंदाजपंचेही आहेत. ओळखायची खूण सोपी. जाणता वाचक एखाद्या शब्दापाशी थांबतो आणि लागत नाही म्हणून सांगतो. ज्याला सगळंच लागतं त्याच्यापासून जपून.

लिपीनंतर साल. महसुली कागदावर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो. फसली १३१० म्हणजे १९००-०१. त्याही आधीच्या कागदांवर सुहूर सन, तोही आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत. ‘खमस अशरीन मयातैन व अलफ’ वाचलं की पाच, वीस, दोनशे आणि हजार मिळून १२२५ होतात. त्यात ५९९ मिळवले की १८२४ चा मृगसाल, म्हणजे साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह गादीवर असतानाचा कागद. एकदा ही किल्ली सापडली की जुना कागद घाबरवत नाही.

एवढं जुनं हाती लागायला मात्र तालुक्याचं दफ्तर पुरत नाही, पुणं गाठावं लागतं. सातारकर महाराजांचं दफ्तर, शाहू दफ्तर, इनाम कमिशनच्या वेळी जमा झालेले कागद हे सगळं पुणे पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेलं आहे. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनच्या साहेबांनी इनामदारांचे हक्क तपासायला घेतले. सनद दाखव, नाहीतर इनाम खालसा. तो जाच होताच. पण ‘हे इनाम आमच्या आज्याला अमक्या लढाईत मिळालं’ असं पटवून देण्यासाठी घराण्यांनी आपापल्या कैफियती आणि वंशावळी लिहून दिल्या, आणि आज त्याच कामी येतात. अर्थात ज्याला इनाम वाचवायचंय तो वंशावळ कशी सांगेल हे डोक्यात ठेवून त्या वाचायच्या. दत्तक घेतलेला मुलगा त्यात औरस होऊन जातो, आणि नको असलेला चुलता निपुत्रिक.

आमच्या भागानं कागद शोधणारी मोठी माणसं पाहिली आहेत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईत सापडलेल्या कागदांवर. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे मास्तरकी करता करता पटवर्धनांचं दफ्तर उपशीत बसले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत राहिले. साताऱ्यात पारसनीसांनी जमवलेला संग्रह पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या तिघांच्या कामात राजे आहेत, सरदार आहेत, वकील-कारकून आहेत. राणू बिन बाळू त्यांच्या हाताखालून हजारदा गेला असेल, पण त्याला छापायचं कारण त्यांना नव्हतं.

सगळे कागद काही उरलेही नाहीत. १९४२-४३ मध्ये साताऱ्याच्या ग्रामीण भागात चळवळीनं चावड्या पेटवल्या, त्यांत दफ्तरं गेली. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या खुनानंतर सातारा-सांगलीकडं ब्राह्मणांचे वाडे जाळले गेले. कुलकर्णी वतनाची घरं पिढ्यान्‌पिढ्या गावचा हिशेब सांभाळत आलेली, त्या वाड्यांच्या माळ्यावर गावाचा इतिहास होता. जाळणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी आज्याचं नावही त्या आगीत गेलं असणार.

०

ज्यांना जमीन नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न कुणबी नोंदींच्या गदारोळात फारसा कोणी विचारत नाही. महारवतनाचे कागद आहेत, ते महसुलातच मिळतात. पण वाळवा, शिराळा, खानापुरातल्या मांग-रामोशी घरांच्या पूर्वजांची नावं सापडतात ती चावडीवरच्या हजेरीत. रात्री चावडीवर येऊन हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पाटलाची परवानगी घ्यायची. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा कायदा १८७१ चा, तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आज त्या घरातला शिकलेला नातू वंशावळ जुळवायला निघाला तर त्याला आज्याचं नाव पोलिसांच्या वहीत शोधावं लागतं. शाळेचा दाखला मागावा तर तोही बेतास बात. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, बाकीच्यांचं काय सांगावं.

शाळेची रजिस्टरं तरीही उघडायचीच. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचं, आडनाव सकपाळ, वडील लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्याला आलेले. एका ओळीवरून घराण्याचं गाव बदललेलं कळतं, आडनाव बदललेलं कळतं आणि बापानं पोराला इंग्रजी शाळेत घातल्याचंही. २०१७ पासून राज्य सरकारनं हा दिवस विद्यार्थी दिन केला. आडनावांच्या बाबतीत एक लक्षात ठेवावं, जुन्या कागदांत ती अस्थिर असतात. चव्हाणांचे पाटील होतात, पाटलांचे पुन्हा चव्हाण, आणि बापाच्या नोंदीत आडनावच नसतं. जन्मतारखेवरही फार विसंबू नये. आमच्या पिढीपर्यंत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, ही मास्तरांची कृपा.

आणखी एक दफ्तर परदेशात आहे. पहिल्या महायुद्धात साताऱ्याची पोरं मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेली. कूतच्या वेढ्यात, जो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला, त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. आपशिंग्यासारख्या गावांत पलटणीत जाण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली गेली, आपल्या साध्या शिपायांची मात्र फक्त संख्या. नावं कागदावर आहेत, राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत शोधता येतात, बापाच्या आणि गावाच्या उल्लेखासह. अडचण फक्त गोऱ्या कारकुनानं कानावर आलं तसं लिहिल्याची. आपल्या गावाच्या नावाचं जमेल तेवढं वाटोळं करून ते शोधावं, मग सापडतं.

०

कागद संपतात तिथं हेळवी येतो. सुगी झाल्यावर, बेळगाव-अथणीकडून. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. प्रत्येक हेळव्याची गावं आणि घराणी वाटून दिलेली, एकाच्या कुळांत दुसरा जात नाही. ओसरीवर घोंगडं टाकून बसायचं, वही उघडायची आणि मूळ पुरुषापासून वंश म्हणत यायचं, कानडी हेल काढून, श्वास न घेता. ऐकताना म्हाताऱ्यांचे डोळे भरतात. मागच्या फेरीनंतर घरात जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायची, मग धान्य, कपडा, भांडं, ऐपत असेल त्या घरी कालवड. काय दिलं तेही तो वहीत टिपतो, आणि मला हेळव्याच्या वहीतला हाच भाग सर्वांत खरा वाटतो. कुठल्या साली कोणाच्या कोणत्या गावातल्या घरी काय मिळालं, म्हणजे ते कुटुंब तेव्हा त्या गावात होतं. स्थलांतराचा एवढा पुरावा सरकारी कागद देत नाही.

मूळ पुरुषाच्या बाबतीत मात्र हेळव्याचं ऐकून घ्यावं आणि हसून पुढं जावं. निम्म्या कुळी उदेपूरहून निघालेल्या असतात, उरलेल्या देवगिरीहून. यजमान खूश होईल अशी सुरुवात करणं हा त्याच्या पोटाचा भाग आहे. अलीकडच्या पाचसहा पिढ्यांत तो सहसा चुकत नाही, आणि जिथं फेरफारात भाऊ गाळलेला असतो तिथं हेळव्याच्या वहीत तो सापडतो. अमेरिकेतल्या यूटामधल्या वंशावळ संस्थेनं हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचं चित्रण कित्येक वर्षांपूर्वी केलं, अलीकडं तिचं काम हेळव्यांच्या वह्यांपर्यंत पोचलं आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही विसरू नयेत. आजोबा अस्थी घेऊन गेले असतील तर सहीसकट सापडतील.

सध्या सातारा गॅझेटची चर्चा आहे. २ सप्टेंबर २०२५ ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटबाबत शासन निर्णय निघाला आणि साताऱ्याचंही लागू करा ही मागणी जोर धरून आहे. सातारा गॅझेट म्हणजे कॅम्पबेलनं संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकोणिसावा खंड, १८८५ चा. वाचायला सुंदर आहे. पिकं, बाजार, किल्ले, जातींची लोकसंख्या, लोक काय खातात आणि कसं नेसतात हे सगळं त्यात आहे. तुमच्या आजोबांचं नाव त्यात नाही, कोणाच्याच आजोबांचं नाही. समाज म्हणून काय सिद्ध होतं ते न्यायालयं आणि सरकार ठरवतील. घराणं म्हणून काही सिद्ध करायचं तर पुन्हा चावडीच्याच वहीकडं यावं लागणार.

आणि वहीत नाव सापडलं तरी काम निम्मंच झालेलं असतं. नोंदीतल्या पूर्वजापासून अर्जदारापर्यंत मधली प्रत्येक कडी कागदानं जुळवायची, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहायची, प्रांताकडून दाखला घ्यायचा, मग जात पडताळणी समितीसमोर जायचं. एका घराला वैधता मिळाली की ती भावकीतल्या इतरांना पुरावा म्हणून लागू पडते. इथं खरा पेच सुरू होतो. ज्या चुलत्यानं वाटणीच्या दाव्यात आपल्याला वीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात फिरवलं, त्याच्याच सातबाऱ्यावर जुन्या फेरफाराचा नंबर असतो. ज्या पुतण्याशी बांधावरून बोलणं बंद, त्याच्याकडं आजोबांचा शाळेचा दाखला. आमच्याकडंही शेवटी चारही घरची माणसं मारुतीच्या देवळात एकत्र बसली. वंशावळ वरून खाली लिहीत आणली. कोण थोरल्याचं, कोण धाकट्याचं यावर वाद झाला, एका आजीला सवत होती हे पोरांना त्या दिवशी कळलं, आणि मोडीच्या वाचकाचे व नकलांचे पैसे चार घरांत समान वाटायचे की जमिनीच्या प्रमाणात, यावर बैठक मोडली. पुढची अमावास्येनंतर आहे.